तिसरी वायर

सकाळी ६.००
ब्रिस्बेनच्या उन्हाळ्यात सहा वाजता ऊन चांगलंच वर आलेलं असतं. गाडीत शिडी, ड्रिल, टेस्टर, केबलचं भेंडोळं आणि खोकंभर स्मोक अलार्म चढवतो. आज भाड्याचे दोन फ्लॅट आहेत. वरच्या मजल्याचा आधी उरकायचा, कारण दुपारी पत्र्याखाली शिरणं जिवावर बेततं.

७.००
भाडेकरूंना लेखी कळवलेलं होतं. त्यांनी पलंग बाजूला ओढून ठेवलेत. मेन स्विच बंद करून कुलूप लावतो, पाटी अडकवतो. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग छतातल्या वायरींवर, मग पुन्हा चालू लाइनवर. वायर मेलेली आहे की टेस्टर, हे एरवी कळणार कसं?

७.३०
जागा आखतो: प्रत्येक बेडरूममध्ये एक आणि बेडरूमना जोडणाऱ्या पॅसेजमध्ये एक. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यापासून ३०० मिलिमीटरच्या आत नाही, कारण तिथे हवा साचते आणि धूर उशिरा पोचतो. दिव्यापासूनही तेवढंच अंतर. पंख्याच्या पात्यांपासून आणि एसीच्या झोतापासून ४००.

८.००
माळ्यावर केबल ओढतो. या अलार्मला तीन वायरी लागतात: फेज, न्यूट्रल आणि सगळ्या अलार्मना एकमेकांशी बांधणारी तिसरी. स्वयंपाकघराजवळ धूर झाला तर टोकाच्या खोलीतला अलार्मही त्याच क्षणी वाजतो, तो या तिसरीमुळे. तिच्यासाठी अर्थची हिरवी-पिवळी वायर वापरायची नाही. पुढच्या माणसाने तिला अर्थ समजून हात लावला तर?

१०.००
पॅसेजमधला जुना अलार्म उतरवतो. त्याचा फेज दिव्याच्या बटणानंतरच्या वायरीतून घेतलेला निघाला. म्हणजे रात्री दिवा मालवला की अलार्मची वीजही जायची आणि घर झोपलेलं असताना सगळी भिस्त आतल्या बॅटरीवर राहायची. फेज बटणाच्या आधीच्या, कायम चालू वायरीतून घेतो. वीज सुरू करून दिवा मालवतो आणि अलार्मवरचा हिरवा ठिपका पाहतो. तो टिकला. मग एकाचं बटण दाबून प्रत्येक खोलीत जाऊन ऐकतो. दारं लावूनसुद्धा.

१२.००
डबा. ब्रिस्बेनजवळच्या लोगनमधल्या स्लॅक्स क्रीकला ऑगस्ट २०११ मधल्या एका रात्री एका घराला आग लागली आणि ११ जण गेले. त्या आगीच्या चौकशीतल्या शिफारशींवरून आमच्या क्वीन्सलँड राज्याचा स्मोक अलार्मचा आजचा कायदा आला. १ जानेवारी २०२२ पासून भाड्याच्या घरांना तो लागू झाला. १ जानेवारी २०२७ पासून सगळ्या घरांना होईल. झोपेत धुराच्या वासाने जाग येईल यावर विसंबता येत नाही. आवाजाने येते.

१.३०
दुसरा फ्लॅट तळमजल्यावर, वर काँक्रीटचा स्लॅब. इथे केबल लपवायला जागा नाही, म्हणून भिंतीच्या कडेने प्लास्टिकची पट्टी मारून तिच्यातून नेतो. राहणारी मुलगी नागपूरची, इथे शिकायला आलेली. अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधलेली.

“काका, फोडणी घातली की हा बोंबलतो. मालक बदलून देत नाहीत, मी काय करू?”

तिचं चुकत नाही. अलार्म शेगडीच्या तोंडावर लावला होता. तो आत पॅसेजमध्ये, बेडरूमच्या बाजूला सरकवतो. जुना होता आयनायझेशनचा, करपल्या कणांवर चटकन ओरडणारा. नवा फोटोइलेक्ट्रिक: आत प्रकाशाचा किरण असतो, धुराने तो विखुरला की भोंगा. गादी धुमसते तेव्हा निघणारा दाट धूर हा लवकर ओळखतो. मग मी तिला मोहरी तडतडवायला सांगतो, एक्झॉस्ट लावून. अलार्म गप्प राहतो.

४.००
प्रत्येक अलार्मच्या पाठीवरची उत्पादनाची तारीख नोंदवतो. दहा वर्षांनी तो बदलावाच लागतो. तपासणीचा दाखला भरतो. जुना अलार्म विजेवरचा असेल तर त्याच्या जागी विजेवरचाच बसवावा लागतो, हे घरमालकाला त्यातच लिहून देतो.

मुलीला सांगतो, “वर्षातून एकदा बटण दाबायचंच, मी तर म्हणेन दर महिन्याला दाब. जळमटं-धूळ व्हॅक्यूमने काढ. वाजला आणि आग दिसली तर सामान घ्यायला थांबू नकोस. बाहेर पड आणि ट्रिपल झिरोला, म्हणजे ०००ला, फोन लाव.”

भाड्याच्या घरात छत मालकाचं असतं. मालकाच्या परवानगीशिवाय भाडेकरूला तिथे भोकही पाडता येत नाही. म्हणून घर बघताना नळ, गीझर पाहता तसं छताकडेही पाहा. एका खोलीतला अलार्म दाबल्यावर बाकीच्या खोल्यांत वाजला नाही, तर किल्ली घेण्याआधी दुरुस्ती मागा. क्वीन्सलँडमध्ये तो तुमचा हक्क आहे.