हँडल वळते, गाडी का वळत नाही?

कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी १९५९ साली ‘स्की-डू’ ही हलकी बर्फगाडी बाजारात आणली. अशा गाडीला पुढे स्की आणि मागे इंजिनाने फिरणारा रुंद रबरी पट्टा असतो. कधी कधी हँडल वळवूनही गाडी सरळच जाते. समोर झाड असेल तर हे जिवावर बेतते.

असे का होते? वळण्यासाठी बाजूने बल लागते. कठीण बर्फावर ते स्कीखालची धातूची धार रुतल्यानेच मिळते. स्कीवर भार कमी असेल तर धार घसरते.

पट्ट्याच्या आतील पुढच्या स्प्रिंगचा ताण कमी केला, की भार स्कीकडे सरकतो. मात्र अति केल्यास हँडल जड होते आणि पट्ट्याची पकड घटते. म्हणून एका वेळी एकच बदल करून गाडी चालवून पाहावी.

वर्गात हे सहज दाखवता येईल. फळीची टोके दोन वजनकाट्यांवर टेकवा आणि मधली वीट हळूहळू सरकवा. एक काटा जेवढा वाढेल, तेवढाच दुसरा घटेल. बेरीज तीच राहील. वीट एका टोकापासून पाव अंतरावर असेल तर काटे काय दाखवतील? विद्यार्थ्यांना आधी अंदाज करू द्या.