संयुक्त दशावतार आणि सिअ‍ॅटलचा एक अल्बम

आपल्या सिंधुदुर्गात संयुक्त दशावताराला गर्दी का होते, हे इथे कुणाला सांगायला नको. एका मंडळाचा राजा, दुसऱ्याचा राक्षस, तिसऱ्याची स्त्रीभूमिका, पेटीवर चौथ्याच मंडळाचा वादक. हातात लिहिलेली संहिता नाही. कोण कुणावर कुरघोडी करतो, ते आपण बघतोच; पण जुना रसिक बघतो, समोरच्याला जागा कोण देतो. आजचा अल्बम ऐकायलाही हाच कान लागतो.

'मॅड सीझन' या गटाचा हा एकच स्टुडिओ अल्बम, 'अबव्ह'. मार्च १९९५मध्ये आला. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात पंक आणि हेवी मेटल यांच्या मिश्रणातून जो रॉक घडला, त्याला ग्रंज म्हणतात. त्यातल्या 'पर्ल जॅम'चा गिटारवादक माइक मॅकक्रेडी व्यसनमुक्ती केंद्रात होता. तिथे त्याला बेसवादक जॉन बेकर सॉन्डर्स भेटला. पुढे 'स्क्रीमिंग ट्रीज'चा ड्रमवादक बॅरेट मार्टिन आणि 'अ‍ॅलिस इन चेन्स'चा गायक लेन स्टेली त्यांना येऊन मिळाले. स्टेली हेरॉइनच्या विळख्यात होता. व्यसन सोडलेल्यांच्या संगतीत तोही सावरेल, अशी मॅकक्रेडीची आशा होती. म्हणजे नुसती मोठी नावे जमवलेली नव्हती. एका मित्रासाठी धडपड चालली होती.

आता ऐकायचे कसे? पहिले गाणे 'वेक अप', साडेसात मिनिटांचे. बेस हळूच चालू होतो आणि गिटार अजिबात घाई करत नाही. 'रिव्हर ऑफ डिसीट'मध्ये स्टेलीचा आवाज शेजारी बसून बोलल्यासारखा येतो. एरवी हाच आवाज जड गिटारींवर चढलेला असतो. 'लाँग गॉन डे'मध्ये मारिंबा हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य आहे, सॅक्सोफोन आहे आणि मार्क लॅनेगनचा खर्जातला दुसरा आवाज आहे. डबलबारीत एक बुवा दुसऱ्याला उत्तर देतो. इथे उत्तर नाही, सोबत आहे. 'लाइफलेस डेड'सारख्या गाण्यांत दणदणाट आहेच, पण अल्बम लक्षात राहतो तो या मोकळ्या जागांमुळे.

सॉन्डर्स १९९९मध्ये गेला, स्टेली २००२मध्ये. दोघांनाही अमली पदार्थांनीच नेले. म्हणून पुष्कळ जण हा अल्बम मरणाची चाहूल म्हणून ऐकतात. आम्हाला ते पटत नाही. तो ध्वनिमुद्रित होत होता तेव्हा शेवट कुणालाच ठाऊक नव्हता; यांच्याही हातात संहिता नव्हती. प्रयत्न फसला हे खरे, पण आपल्या कानावर येतो तो प्रयत्नच.

आमच्या गावांतही व्यसनाने गेलेली माणसे आहेत. त्यांच्याविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा शेवटच तेवढा सांगतो. शेजारी कोण बसले होते, ते राहून जाते. आज घरी जाऊन हा अल्बम लावाल, तेव्हा एकदा गायकाला बाजूला ठेवा आणि त्याला जागा देणाऱ्या तिघांकडे कान द्या.