कोंकणकिनाऱ्यावरील पक्षिदर्शन

मीं तीस-पस्तीस वर्षें शाळेंत शिक्षकाचें काम केलें आणि सुट्टीचे दिवस बहुधा कोंकणच्या किनाऱ्यावर पांखरें पाहाण्यांत घालविले. त्यामुळें ओळखीची मंडळी मला नेहमीं विचारतात, "गुरुजी, पक्षी पाहावयाचे तर कोंकणांत जावें कोठें?" मी त्यांस उलट विचारतों, "आज तिथि कोणती?" मंडळी चकित होतात. परंतु किनाऱ्यावरील पक्ष्यांचा दिनक्रम घड्याळावर चालत नाहीं. तो भरती-ओहोटीवर चालतो, आणि भरती-ओहोटी चंद्रावर. स्थळ उत्तम निवडलें पण वेळ चुकली, तर रिकामी वाळू पाहून परतावें लागतें.

याचें कारण साधें आहे. ओहोटी लागली कीं ओली वाळू व चिखल उघडा पडतो. त्यांतील किडे, शिंपले व बारीक खेकडे हेंच चिखल्या, तुतवार इत्यादि पक्ष्यांचें अन्न. पूर्ण ओहोटीस हे पक्षी इतके दूर पांगतात कीं, नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीस ते वाळूच्या एखाद्या उंच पट्ट्यावर दाटी करून विसावा घेतात. म्हणून पाहाणाऱ्यास उत्तम वेळ ती भरती चढत असतांनाची. आपण एका जागीं स्वस्थ बसावें. पाणीच पक्ष्यांस हळूहळू आपल्याकडे आणतें.

ही वेळ काढण्यास घरांतील पंचांग पुरे. तिथीचा अंक घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा. त्यापूर्वीं सुमारें सव्वासहा तास पूर्ण ओहोटी असते. हें गणित मुंबई-अलिबागकडे बरेंच जुळतें, तरी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. दक्षिणेस मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती कांहीशी आधीं येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पहाटे ओहोटी होऊन सकाळभर पाणी चढत असतें. शहरांतून येणाऱ्यानें शक्य तर हेच दिवस निवडावे. ऋतु हिवाळ्याचा, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत.

आतां मार्गाकडे वळूं. रायगड जिल्ह्यांतील रेवसपासून सिंधुदुर्गांतील रेडीपर्यंत सागरी मार्ग जातो. एका बाजूस माडा-पोफळींच्या बागा, दुसरीस समुद्र, मध्येंच एखादी खाडी.

प्रारंभींच लागतें किहीम. सुप्रसिद्ध पक्षितज्ज्ञ सालीम अली यांनीं 1930 मध्यें येथेंच सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धेंच घरटें विणतो, मादी येऊन तें तपासते, आणि तिची पसंती मिळाली कींच तो तें पुरें करतो. मादी अंड्यांवर बसली कीं हे महाशय दुसरें घरटें विणावयास मोकळे! केवळ स्वस्थ बसून पाहाण्यानें केवढें ज्ञान लाभतें, याचा हा धडाच होय.

हा धडा मी स्वतः मात्र एकदां विसरलों. अलिबागेजवळच्या आक्षीस खाडीच्या मुखाशीं वाळूचा विस्तीर्ण पट्टा आहे; हिवाळ्यांत तेथें कुरव व चिखल्या यांचे थवे उतरतात. पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं विद्यार्थ्यांस तेथें नेलें होतें. भरती पूर्ण होत आली होती. मोजणी नीट व्हावी म्हणून मुलांस घेऊन मी थव्याच्या अगदीं जवळ गेलों. थवा उडाला, एक फेरा घेऊन पुन्हां बसला. आम्हीं पुन्हां गेलों. असें तीनदां झालें. मुलें टाळ्या पिटीत होतीं आणि मलाही आनंद वाटत होता. जवळच एक वृद्ध कोळीण आपली टोपली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, सगळी वाळू पाण्याखाली गेली. आता त्यांनी बसायचं कुठं?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटच्या सरोवरांकांठीं पिलें वाढवितो. लाटेच्या पुढें-मागें धांवणारा चिमुकला सँडर्लिंग तर उत्तर ध्रुवाकडून येतो. परतीच्या प्रवासासाठीं यांना अंगांत चरबी सांठवावी लागते. खाण्यास ओहोटीचे मोजके तास, आणि विसाव्यास भरतीचे. आपण उडविलेला प्रत्येक थवा त्या शिदोरींतून खर्च करतो.

पुढें बागमांडल्याहून फेरीबोटीनें बाणकोटची खाडी ओलांडली कीं वेळास येतें. समुद्री कासवांच्या संरक्षणासाठीं हें गांव प्रसिद्ध आहे. पण तेथें मान वर करूनही पाहावें. पांढऱ्या पोटाचा, करड्या पंखांचा समुद्रगरुड, ज्यास स्थानिक लोक काकण म्हणतात, उंच झाडावर काटक्यांचें प्रचंड घरटें बांधतो व वर्षानुवर्षें तेंच डागडुजी करून वापरतो. असें एक झाड तुटलें तर गरुडांचें पिढीजात घर जातें. तेथून हर्णैस जावें. संध्याकाळीं मासळीचा लिलाव चालतो, तेव्हां होड्यांभोंवतीं कुरवांची झुंबड उडते.

शेवटीं वेंगुर्लें. समोर समुद्रांत खडकाळ बेटें आहेत. त्यांतील बर्न्ट आयलंडच्या गुहेंत पाकोळ्या आपल्या लाळेनें घरटीं चिकटवितात आणि काळोखांत टकटक आवाज करून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. अशा घरट्यांस परदेशी बाजारांत मोल येतें, म्हणून त्यांस चोरांचें भय आहे. तेथें पाऊल ठेवण्याचा मोह टाळावा. हें स्थळ दुरूनच वंदन करण्याचें.

श्रोते हो, दुर्बीण असल्यास सोबत घ्यावी. नसल्यास अडत नाहीं. मात्र वाळूवर मोटार नेऊं नये, कुत्रें मोकळें सोडूं नये, आणि थवा माना उंचावून अस्वस्थ झाला कीं तेथेंच थांबावें. निघण्यापूर्वीं पंचांग पाहावें, आणि किनाऱ्यावर पोहोंचल्यावर त्या म्हातारीचा प्रश्न स्वतःस विचारावा: आतां त्यांनीं बसावयाचें कोठें?