चाकांवरचे घर आणि गाण्याचा मुक्काम

ब्रिटनमधील लोकसंगीत महोत्सवांचा हंगाम उन्हाळ्यात ऐन भरात येतो, आणि त्या दिवसांत इंग्लंड-स्कॉटलंडच्या लहानमोठ्या रस्त्यांवरून मोटारीमागे जोडलेली, बहुधा पांढऱ्या रंगाची चाकांवरची घरे महोत्सवाच्या गावांकडे निघालेली दिसतात. या घराला तेथे कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून हा शब्द मराठी वाचकांच्या कानांवर पडू लागला असला, तरी महाराष्ट्रात त्याने बहुधा इंजिनासकटची, बसच्या धाटणीची गाडी डोळ्यांपुढे येते. ब्रिटिश कॅरॅव्हॅनला स्वतःचे इंजिन नसते. झोपण्याची जागा, लहानसा ओटा, शीतपेटी आणि शौचालय असलेली ती एक खोली असते, आणि मुक्कामी पोहोचल्यावर ती मोटारीपासून सोडवून चारही कोपऱ्यांतील टेकू खाली सोडून उभी केली जाते.

महोत्सव आणि कॅरॅव्हॅन यांची सांगड प्रथमतः गैरसोयीतून पडली. डेव्हन परगण्यातील सिडमथ या समुद्रकाठच्या गावात इंग्लिश फोक डान्स अँड साँग सोसायटीने १९५५ मध्ये लोकनृत्याचा जो मेळावा सुरू केला, त्याचा पुढे ऑगस्टमधील आठवडाभराचा महोत्सव झाला. केंब्रिजच्या चेरी हिंटन हॉलच्या आवारात १९६५ मध्ये महोत्सव सुरू झाला, तर ऑक्सफर्डशायरमधील क्रॉप्रेडी या खेड्यात फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या वाद्यवृंदाने १९७९ मध्ये निरोपाचा म्हणून केलेला कार्यक्रम पुढे दरवर्षीचा मेळाच होऊन बसला. मोजक्या घरांच्या खेड्यात एकाएकी हजारो माणसे उतरली की खाणावळी आणि खोल्या पुरणे शक्यच नसते, म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांची कुरणे त्या दिवसांपुरती मुक्कामासाठी घेतली जातात आणि तेथे तंबू व कॅरॅव्हॅन यांची वस्ती उभी राहते.

परंतु केवळ निवाऱ्याची सोय एवढ्यावरच या वस्तीचे महत्त्व संपत नाही. लोकसंगीताच्या महोत्सवात तिकीट लावलेल्या मंचावर जे घडते, तितकेच किंवा अनेकांच्या मते त्याहून अधिक मोलाचे संगीत मंचाबाहेर घडते. त्याचे दोन प्रकार समजून घेण्यासारखे आहेत. पहिला ‘सेशन’ म्हणून ओळखला जातो; त्यात फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरीच्या कुळातील टिन व्हिसल, बोडरान नावाचा चामड्याचा एकतोंडी डफ, मेलोडियन आणि कॉन्सर्टिना अशी वाद्ये घेऊन आलेली माणसे पूर्वनियोजनाशिवाय एकत्र बसतात. बहुतेक नाचाच्या धुना दोन भागांच्या असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो, अशी संपूर्ण धून साधारण तीन वेळा फिरली की सुरुवात करणाऱ्याच्या नजरेच्या किंवा मानेच्या खुणेवर सगळे जण न थांबता पुढच्या धुनेत शिरतात. नवख्याने धून येत नसेल तर ऐकत बसावे आणि येत असेल तर हळू आवाजात सामील व्हावे, हा तेथील अलिखित शिष्टाचार आहे. दुसऱ्या प्रकाराला ‘सिंगअराउंड’ म्हणतात. त्यात माणसे रिंगण करून बसतात, ज्याची पाळी येईल त्याने, बहुधा वाद्याच्या साथीविना, एक गाणे म्हणावे आणि धृपदात सर्वांनी आपापल्या पट्टीत आवाज मिसळावा, अशी रीत असते. गायचे नसेल त्याने पाळी पुढे सरकवली तरी कोणी वाईट मानत नाही.

हे दोन्ही प्रकार दारूगुत्त्यात, चहाच्या तंबूत आणि त्याहून अधिक मोकळेपणाने कॅरॅव्हॅनच्या दाराशी रंगतात. कॅरॅव्हॅनच्या एका बाजूला कापडी मांडव जोडता येतो. त्याला ऑनिंग म्हणतात. पाऊस आला तर दहाबारा माणसे त्याखाली दाटीवाटीने बसू शकतात, चहाचे आधण आतल्या शेगडीवर चढते आणि मध्यरात्रीनंतर गावात परतीची बस शोधण्याची चिंता कोणालाच नसते. आषाढीच्या वाटेवर दिंडीचा मालमोटारीतला संसार ज्याप्रमाणे मुक्कामाच्या गावाबाहेर उतरतो आणि ऐकणारे व गाणारे असा भेद रात्रीच्या भजनात उरत नाही, तसेच काहीसे या कुरणांत घडते, आणि लोकसंगीत ही केवळ ऐकण्याची नव्हे तर करण्याची गोष्ट आहे हे तेथे जितके स्पष्ट कळते तितके कोणत्याही सभागृहात कळत नाही. म्हणूनच अनेक महोत्सवांत रात्री उशिरापर्यंत गाणाऱ्यांसाठी आणि लवकर झोपणाऱ्या कुटुंबांसाठी मुक्कामाचे निरनिराळे भाग आखलेले असतात. आपण कोणत्या भागात उतरणार हे आरक्षणाच्या वेळीच ठरवणे शहाणपणाचे ठरते.

वाद्यांच्या दृष्टीनेही तंबूपेक्षा हे घर बरे. व्हायोलिनचे भाग सरसाने जोडलेले असतात आणि उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीच्या उष्णतेने तो सरस मऊ पडून सांधे सुटू शकतात. उलट दमट तंबूत लाकूड फुगते. कॉन्सर्टिना हे हातात मावणारे, बहुधा षट्कोनी भात्याचे वाद्य पेटीच्याच तत्त्वावर चालते, म्हणजे हवेच्या दाबाने धातूच्या पातळ पट्ट्या कंप पावून सूर निघतो, आणि ओल लागून त्या पट्ट्या गंजल्या की सूर बिघडतो. यासाठी वाद्ये जाणती माणसे कॅरॅव्हॅनमध्ये खिडकीपासून दूर, सावलीच्या बाजूच्या खालच्या कप्प्यात ठेवतात.

कॅरॅव्हॅन ओढून नेणे हे मात्र कौशल्याचे काम आहे आणि त्यात वजनाचा विचार सर्वांत आधी येतो. भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच असावे, असा सल्ला नवशिक्यांना दिला जातो. म्हणजे मोटार १५०० किलोची असेल तर कॅरॅव्हॅन सामानासह १२७५ किलोंच्या आत हवी. हा कायदा नव्हे, परंतु तो अनुभवातून आलेला असल्याने पाळण्याजोगा आहे. जोडाच्या ठिकाणी मोटारीवर जो भार पडतो तो सामान्यतः कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के आणि मोटारीच्या उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असावा लागतो. महोत्सवाला निघालेली मंडळी येथे हमखास चुकतात, कारण ध्वनिवर्धक, वाद्यांच्या पेट्या, पाण्याची पिंपे आणि पेयांचे क्रेट ही सगळी जड सामग्री सोयीसाठी मागच्या टोकाला रचली जाते. मागचा भाग जड झाला की जोडावरचा भार घटतो आणि वेग वाढताच कॅरॅव्हॅन डावीउजवीकडे हेलकावू लागते. अशा वेळी जोराने ब्रेक दाबणे घातक असते. चाक सरळ धरून वेग हळूहळू उतरू देणे हाच उपाय आहे. खरा बंदोबस्त निघण्यापूर्वीचा, म्हणजे जड वस्तू जमिनीलगत आणि चाकांच्या आसाजवळ ठेवण्याचा.

ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला महामार्गावर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैलांची मर्यादा आहे. तीन किंवा अधिक मार्गिकांच्या महामार्गावर सर्वांत उजवी मार्गिका तिला वर्ज्य असते. डिसेंबर २०२१ पासून मोटारीच्या साध्या ब्रिटिश परवान्यावर ३५०० किलोंपर्यंतचे जोडवाहन ओढता येते, त्यासाठी पूर्वीप्रमाणे अनेकांना वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही त्यामुळे ही वाट सोपी झाली आहे.

महोत्सवाच्या कुरणात अनेकदा विजेची जोडणी नसते. दिवे आणि पाण्याचा पंप बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, छपरावरचे सौर पॅनेल ती भरत राहते, आणि पुष्कळ कॅरॅव्हॅनमधील शीतपेटी प्रवासात मोटारीच्या विजेवर तर मुक्कामी गॅसवर चालते. पाण्याची तऱ्हा मात्र पाहण्यासारखी असते. साधारण ४० लिटरचे गोल पिंप नळावर भरायचे, त्याच्या दोन्ही टोकांना लांब दांडी अडकवायची आणि ते आडवे करून लोळवत, गवतातून ओढत आपल्या दारापर्यंत आणायचे. सकाळच्या वेळी नळाकडे जाणाऱ्या आणि तेथून येणाऱ्या अशा पिंपांची रांगच लागते आणि रात्रीच्या गाण्यांची चर्चाही त्या रांगेतच होते. सांडपाणी वेगळ्या पिंपात साठवून ठरलेल्या जागीच ओतावे लागते, आणि शौचालयाची बंद टाकीही त्यासाठी राखलेल्या जागीच रिकामी करावी लागते. आगीच्या भीतीने दोन कॅरॅव्हॅनमध्ये सहा मीटर अंतर राखण्याची शिस्त पाळली जाते. ऑगस्टमध्येही इंग्लंडात मुसळधार पाऊस होतो, कुरणाचा चिखल होतो, आणि मग परतीच्या दिवशी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरनेच गाड्या बाहेर काढाव्या लागतात.

येथवर सांगितलेली कॅरॅव्हॅन ही हौसेची आहे, आणि हौसेच्या कॅरॅव्हॅनचा इतिहास फार जुना नाही. नौदलातील निवृत्त वैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची कॅरॅव्हॅन बांधून घेतली आणि तीतून इंग्लंडच्या दक्षिणेपासून स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. ती या प्रकारातील पहिली मानली जाते. १९०७ मध्ये हौशी मंडळींचा कॅरॅव्हॅन क्लब निघाला. परंतु चाकांवर राहण्याची कल्पना त्यांची नव्हती. भारतातून शतकांपूर्वी पश्चिमेकडे गेलेल्या आणि आर्यभारतीय कुळातील भाषा बोलणाऱ्या रोमानी लोकांच्या रंगीत लाकडी गाड्या त्यांच्या आधीपासून इंग्लंडात फिरत होत्या, आणि स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर म्हणून ओळखले जाणारे, वंशाने व भाषेने निराळे असे फिरस्ते समाजही होते. कल्हई, टोपल्या, घोड्यांचा व्यापार आणि शेतीची हंगामी कामे यांवर ते जगत.

लोकसंगीताशी या समाजांचे नाते अतिशय खोल आहे. छापील पुस्तके आणि रेडिओ यांनी गावोगावच्या जुन्या गाण्यांची जागा घेतली तेव्हा, लिहिण्यावाचण्यापासून बहुतांशी दूर राहिलेल्या या कुटुंबांनी शेकडो वर्षांची कथागीते तोंडी परंपरेने जपली. एडिंबरा विद्यापीठात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजचे संशोधक आणि कवी हॅमिश हेंडरसन यांना १९५३ मध्ये ॲबर्डीनमध्ये ट्रॅव्हलर कुटुंबातील जीनी रॉबर्टसन भेटल्या, आणि त्यांच्या गाण्याने स्कॉटिश लोकसंगीताच्या अभ्यासाची दिशाच बदलली. १९५५ च्या उन्हाळ्यात हेंडरसन यांनी ब्लेअरगाउरीच्या रासबेरीच्या मळ्यांत आपला ध्वनिमुद्रक नेला. फळे तोडण्यासाठी देशभरातून आलेल्या ट्रॅव्हलर कुटुंबांच्या तळावर, संध्याकाळी शेकोटीभोवती, इतकी गाणी आणि कथा सापडल्या की त्या टिपून घेण्यास एक माणूस अपुरा पडला. त्याच परिसरातील बेल स्ट्युअर्ट आणि त्यांचे कुटुंब पुढे देशोदेशी गायले, १९६६ मध्ये ब्लेअरगाउरीतच पारंपरिक संगीताचा महोत्सव भरला, आणि जीनी रॉबर्टसन यांना १९६८ मध्ये एमबीई हा राजसन्मान मिळाला. म्हणजे कॅरॅव्हॅनच्या तळावरील गाणे ही महोत्सवांनी नव्याने शोधलेली मौज नसून, महोत्सवच त्या तळांचे ऋणी आहेत.

हे ऋण कायद्याने फेडलेले नाही. १९६० च्या कॅरॅव्हॅन साइट्स कायद्याने मुक्कामाच्या जागांना परवाना सक्तीचा केला आणि सार्वजनिक माळरानांवर कॅरॅव्हॅन उभ्या करण्यास बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना दिला. त्याच कायद्यात मान्यताप्राप्त हौशी संघटनांच्या अल्पकाळाच्या मेळाव्यांना मात्र सवलत होती. पिढ्यानपिढ्यांचे थांबे अशा रीतीने बंद होत गेले. इवान मॅकॉल, पेगी सीगर आणि चार्ल्स पार्कर यांनी १९६४ मध्ये बीबीसीसाठी केलेल्या ‘द ट्रॅव्हलिंग पीपल’ या ध्वनिरूपकात हाकलल्या जाणाऱ्या या माणसांचेच आवाज ऐकू येतात. १९६८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी जागा उपलब्ध करण्याचे कर्तव्य परिषदांवर टाकले, ते १९९४ मध्ये काढून घेण्यात आले, आणि २०२२ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये विनापरवाना जमिनीवर वाहनासह मुक्काम करून लक्षणीय नुकसान वा उपद्रव झाल्यास, किंवा होण्याची शक्यता असल्यास, आणि सांगूनही न हलल्यास, तो फौजदारी गुन्हा ठरवून राहते वाहन जप्त करण्याची मुभा पोलिसांना दिली. तिकीट काढून कुरणात उतरलेल्या हौशी कुटुंबावर यातले काहीच येत नाही, आणि ज्या समाजाकडून ही गाणी आली त्याच्या वाट्याला मात्र हे सर्व येते, ही विषमता महोत्सवाला जाणाऱ्या प्रत्येकाने ठाऊक करून घ्यावी अशी आहे.

महोत्सवांचीही स्थिती सुखाची नाही. ऑक्सफर्डशायरमध्ये १९६५ साली सुरू झालेला टाउर्सी महोत्सव २०२४ मध्ये थांबला. ध्वनिमुद्रणे मात्र टिकली आहेत. स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजच्या संग्रहातील पुष्कळ मुद्रणे ‘टोबर अन दुअलहश’ या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकायला ठेवलेली आहेत, आणि स्कॉटलंडच्या ट्रॅव्हलर गायकांचे आवाज तेथे आज पुण्या-नाशिकात बसूनही ऐकता येतात.