आफ्रिकेत ऑनलाइन कोर्सची फी कशी घ्यावी?
आफ्रिकेत कोर्स विकायचा तर आधी देश ठरवा, कारण पैसे देण्याची सवय सीमेगणिक बदलते. केनियात कार्डापेक्षा मोबाइल मोठा. सफारीकॉम या मोबाइल कंपनीने २००७ मध्ये सुरू केलेली एम-पेसा सेवा तिथे भाजीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळीकडे चालते. विद्यार्थ्याने नंबर दिला की त्याच्या फोनवर रकमेची विचारणा येते. पिन टाकला की पैसे जमा. साधा फोन पुरतो, बँकेत खाते नसले तरी अडत नाही. अशा ठिकाणी फक्त कार्डाचा पर्याय ठेवणे म्हणजे शिकू पाहणाऱ्याला दारातूनच परत पाठवणे, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

नायजेरियात बँक ट्रान्सफर आणि स्थानिक व्हर्व्ह कार्ड हवेच. घानात एमटीएन कंपनीचे मोबाइल मनी, म्हणजे एम-पेसासारखीच फोनवरून पैसे देण्याची सेवा. दक्षिण आफ्रिकेत मात्र कार्ड चांगले चालते. पेस्टॅक, फ्लटरवेव्ह यांसारखे पेमेंट गेटवे यातले बरेच पर्याय एकत्र देतात. तरी कमिशन किती आणि पैसे कोणत्या चलनात, किती दिवसांत मिळणार, हे आधीच विचारून घ्या.

मोबाइल मनीतून दरमहा आपोआप पैसे वळते करणे कार्डाइतके सोपे नसते. म्हणून मासिक वर्गणीपेक्षा कोर्सचे भाग पाडून प्रत्येक भागाची फी वेगळी घ्यावी, तीही शिलिंग, नायरा, सेडी अशा स्थानिक चलनात.