ऑर्किडची कुंडी केव्हा व कशी बदलावी

कोकणातील व गोव्यातील उष्ण, दमट हवा डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडला चांगली मानवते. तरीही हौसेने आणलेले रोप वर्षा-दोन वर्षांत दगावल्याचे पुष्कळदा आढळून येते. याचे कारण हयगय हे नसून, बहुधा माती व अतिरिक्त पाणी हेच असते.

सह्याद्रीतील ‘सीतेची वेणी’ हे ऑर्किड झाडाच्या फांदीवर वाढते, म्हणून कित्येक लोक त्यास बांडगूळ समजतात. परंतु ते झाडाचा रस शोषीत नाही. केवळ आधार घेते. डेंड्रोबियमचा स्वभावही असाच आहे. त्याच्या मुळांवरील पांढरे, सच्छिद्र आवरण पाणी चटकन टिपून घेते; मात्र हवा न मिळाल्यास मुळे कुजतात. यास्तव हे रोप मातीत लावू नये. कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा व विटांचे तुकडे भरावेत.

साधारणतः दोन-तीन वर्षांत सोडण कुजून त्याचा भुगा होतो व तो पाणी धरून ठेवतो. रोप लहान असले तरी अशा वेळी कुंडी बदलणे अगत्याचे असते. फुलांचा बहर ओसरल्यावर, नव्या कोंबाच्या बुडाशी मुळे फुटू लागताच हे काम करावे.

नवे सोडण काही दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून धुऊन घ्यावे. रोप हलक्या हाताने काढून काळी, मऊ पडलेली मुळे स्वच्छ कात्रीने छाटावीत. पाने गळालेली, पण टणक व हिरवी असलेली जुनी खोडे कापू नयेत. त्यांत पाणी व अन्न साठविलेले असते. रोपाचे भाग करावयाचे असल्यास प्रत्येक भागात निदान तीन खोडे ठेवावीत. कुंडी किंचितच मोठी व पुष्कळ भोकांची घ्यावी. जुनी खोडे कडेस व नवा कोंब मध्याकडे ठेवून, बुंधा न पुरता रोप काठीस बांधावे.

त्यानंतर कुंडी काही दिवस सावलीत ठेवून पाणी शिंपडावे. नवी मुळे धरल्याखेरीज खत देऊ नये. भिजलेली मुळे हिरवट दिसतात. ती पुन्हा पांढरी झाल्यावरच पाणी घालावे.

रोपे रोपवाटिकेतूनच घ्यावीत. रानातील ऑर्किड ओरबाडून आणू नयेत.