धरणाचा दरवाजा आणि प्रवेशपरीक्षेतील पदार्थविज्ञान

पुण्याहून सिंहगडाकडे निघालात की वाटेत खडकवासल्याचे धरण लागते. भिंतीमागे दूरवर पसरलेले पाणी पाहून मनात एक प्रश्न येतो. समजा, हा जलाशय आहे त्याच्या दुप्पट लांब असता, पण पाण्याची खोली तेवढीच असती, तर भिंतीवरचा रेटा दुप्पट झाला असता का?

पुढे वाचण्यापूर्वी उत्तर मनाशी ठरवा. ‘हो’ म्हणाला असाल, तर ते चूक आहे. स्थिर पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर ठरतो. पाणी किती दूर पसरले आहे यावर नाही. दाब = घनता × गुरुत्वत्वरण × खोली, हे सूत्र तुम्हांला पाठ असते. परंतु त्यात जलाशयाची लांबी कोठेच नाही, इकडे किती जणांचे लक्ष जाते?

या खडकवासल्याशी एका थोर अभियंत्याचे नाव जोडलेले आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठाचे, विद्यार्थी. १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. धरणाची भिंत न वाढवता अधिक पाणी कसे साठवावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यासाठी त्यांनी सांडव्यावर बसवायचे स्वयंचलित दरवाजे तयार केले. १९०३ मध्ये ते खडकवासल्याला बसवण्यात आले. सांडव्याच्या मूळ पातळीवर सुमारे ८ फूट अधिक पाणी त्यांनी अडवता येई. पुराचे पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की दरवाजे आपोआप उघडत. पूर ओसरला की मिटत.

असा दरवाजा करायचा, तर त्यावर पाण्याचे बल किती, हे आधी कळले पाहिजे. चला, हिशेब करू. ८ फूट म्हणजे सुमारे २.४ मीटर. पाणी दरवाजाच्या वरच्या कडेपर्यंत आहे असे समजा आणि १ मीटर रुंदीचा भाग घ्या. पृष्ठभागाशी पाण्याचा दाब शून्य. तळाशी तो सर्वांत जास्त. मधे तो सारखा वाढत जातो. म्हणून सरासरी दाब तळाच्या दाबाच्या निम्मा. त्याला क्षेत्रफळाने गुणले की बल मिळते:

बल = ½ × १००० × ९.८ × २.४ × २.४ × १ = सुमारे २८,००० न्यूटन.

जवळजवळ २,९०० किलोग्रॅम वस्तुमानाच्या वजनाएवढे हे बल झाले, आणि तेही फक्त एका मीटर रुंदीवर! शिवाय ते दरवाजाच्या मध्यावर नव्हे, तर तळापासून एकतृतीयांश उंचीवर, म्हणजे ०.८ मीटरवर, एकवटल्यासारखे असते. कारण उघड आहे: खाली दाब जास्त.

आता हाच प्रश्न प्रवेशपरीक्षेत आला असे समजा. उंची h, रुंदी b, घनता ρ. पर्याय चार:

(अ) ρghb (आ) ½ρghb² (इ) ρgh²b (ई) ½ρgh²b

सूत्र आठवत नाही? घाबरू नका. प्रथम मिती तपासा. (अ) मध्ये एक लांबी कमी पडते, तो बाद. (आ) मिती तपासून सुटतो. पण रुंदी दुप्पट केली तर बल दुप्पटच व्हायला हवे, येथे ते चौपट होते. तोही बाद. (इ) मध्ये तळाचा दाब सगळीकडे धरला आहे. उरला (ई). आकृती, मिती आणि ‘दुप्पट केले तर काय?’ हा प्रश्न, एवढ्यावर उत्तर सापडले.

महाराष्ट्राच्या सीईटीत पदार्थविज्ञान आणि रसायन यांचे प्रत्येकी ५० प्रश्न मिळून ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. एवढ्या वेळात दहा पाठ सूत्रांतून एक शोधत बसणे परवडत नाही. तेथे चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. जेईई मेनमध्ये मात्र बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला वजा १. तेथे निदान दोन पर्याय बाद करता आले, तरच उरलेल्यांतून निवड करा. नियम बदलू शकतात, तेव्हा त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचा. अकरावीची पुस्तके रद्दीत देऊ नका; त्यांवरही प्रश्न येतात.

परीक्षेत उत्तर चुकले तर गुण जातात. प्रत्यक्षात पाणी चूक पोटात घालत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. उद्या तुमच्यापैकी कोणी असे बांधकाम हाती घेईल, तेव्हा चार पर्याय छापलेले नसतील.

शेवटी एक प्रयोग. उंच डबा घ्या. त्याच्या उंचीच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण भागावर तीन भोके पाडा. डबा अंगणात सपाट जागी ठेवा आणि वरून पाणी ओतत तो काठोकाठ भरलेला राखा. सर्वांत खालची धार सर्वांत वेगाने निघेल, हे खरे. पण जमिनीवर सर्वांत दूर कोणती पडेल? आधी अंदाज लिहा, मग मोजा आणि मगच सूत्राकडे वळा.